काही हवंय का?

...नाही, चांगुलपणाला माझा विरोध नाही हो! असेल कसा? मी काय राक्षस आहे का? पण तो माणसाने रस्त्यात करावा, बाजारात करावा, घरी आणू नये एवढंच माझं म्हणणं, कारण तुम्हाला सांगतो, एकदा का तो घरात शिरला, की आधी आपली उशी जाते, मग आवाज जातो, मग सकाळची झोप जाते, आणि वर हसरं तोंड करून बसावं लागतं! माझ्याकडे बघा. हे हसू आहे बरं का. दात दुखत नाहीयेत.

झालं काय, आमच्या मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती. आमची ही गेली, मी नाही गेलो, मला शिकवणी होती. मी गाडी चालवायला शिकवतो. म्हणजे दिवसभर अनोळखी माणसं मला खांबाकडे, खड्ड्याकडे आणि एकदा तर थेट सलूनमध्ये घेऊन जातात, आणि मी शेजारी बसून ओरडतो. हाच धंदा! तर सभेला कुणी एक बाई आल्या होत्या बाहेरून, आणि त्या म्हणाल्या (आवाज असा, साखरेत घोळलेला), "पालकहोऽऽ, मुलांना दयाळूपणावर भाषणं देऊ नका हंऽऽ..." आणि असं म्हणून बाईंनी दोन तास भाषण दिलं! सार काय, तर दयाळूपणा रुजवायला फार काही लागत नाही, घरातल्या घरात सगळ्यांनी मिळून करायचे साधे-सोपे घरगुती उपक्रम पुरे. ही घरी आली ती डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन. मी ती चमक ओळखतो. मागच्या वेळी ती आली होती तेव्हा मी महिनाभर दुधीचा रस प्यायलो होतो.

पहिला उपक्रम, घरातल्या प्रत्येकाने आपल्या आवडीची एक वस्तू कुणाला तरी द्यायची. हिने शाल दिली. आमच्या कन्येने बाहुली दिली. कन्या दुसरीत आहे, नाव आम्ही चांगलं हौसेनं ठेवलंय, पण घरीदारी सगळे तिला डिंकीच म्हणतात, कारण एखादी गोष्ट धरली की डिंक! सुटायचं नाव नाही! तर डिंकी म्हणाली, "बाबा, तुम्ही काय देणार?" मी म्हटलं, विचार करतो. आता विचाराला वेळ लागतो की नाही? आवडीची वस्तू आहे, उगाच कशी उचलून देणार? दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो तर पाठीमागची उशी गायब! माझी उशी! दिवसभर हिसके खाणारी कंबर त्या उशीवर जगत होती हो! "बाबा, तुमचा विचार होईना, म्हणून मी दिली." कुणाला? तर खालच्या वॉचमनकाकांना, कारण त्यांची खुर्ची लोखंडाची. बरं, परत मागू कशी? रोज गेटातून बाहेर पडताना तो माझ्याच उशीवर टेकून बसलेला असतो आणि मलाच सलाम ठोकतो, "साहेब, कंबर एकदम मोकळी!" झाली असेल रे बाबा. माझी धरली ना!

आणि म्हणे, साधे-सोपे घरगुती उपक्रम!

दुसरा उपक्रम, हळू आवाज. घरात कुणीही चढ्या आवाजात बोलायचं नाही. मी म्हटलं ठीक आहे, घरी गप्प बसायची मला लग्नापासून सवय आहे. तर डिंकी म्हणते, "घरी नाही बाबा, सगळीकडे!" अहो, सगळीकडे? मी ओरडण्याचे पैसे घेतो! पण पोरीनं माझ्याकडे असं बघितलं... दिला शब्द. दुसऱ्या दिवशी एक काकू शिकायला बसल्या, समोरून पाण्याचा टँकर येतोय, काकू त्याला मिठी मारायला निघाल्यात, आणि मी अगदी मऊ सुरात, "काकूऽ... ब्रेक लावता का जराऽ... नाही, तुमची इच्छा असेल तर..." काकूंनी टँकर सोडला आणि माझ्याकडेच बघत बसल्या! "सर, तुम्ही ओरडत का नाही आज? काय झालं? घरी सगळं बरं आहे ना?" शेवटी माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला. काकू रडायला लागल्या, म्हणाल्या, तुम्ही ओरडलात की कळतं हो कुठे बघायचं!

असो. हे सगळं परवडलं. खरा घात केला तो तिसऱ्या उपक्रमानं.

तिसरा उपक्रम असा, की रोज एका माणसाला विचारायचं, "काही हवंय का?" बस्स. एवढंच. आणि रात्री जेवताना प्रत्येकानं सांगायचं, आज कुणाला विचारलं. आता मला सांगा, याहून सोपं काही असेल? आपण विचारतोच की! बाहेर निघताना शेजारच्यांना म्हणतो, "जातोय हं, काही हवंय का?" आणि म्हणताना एक पाय जिन्यात गेलेलाच असतो! ते म्हणतात, "नको नको." आपण म्हणतो, "लाजू नका हं!" आणि सुटतो. त्यांनाही बरं वाटतं, आपल्यालाही बरं वाटतं, आणि कुणालाच काही आणावं लागत नाही. इतकी सुंदर सोय आहे ती! पण डिंकीला ही सोय कुणी समजावलीच नव्हती. ती विचारायची आणि उभी राहायची. उत्तरासाठी! एकदा म्हणाली, "आई, सगळे नकोच म्हणतात." तर ही काय म्हणाली असेल? म्हणाली, "अगं, पहिल्यांदा लोक नकोच म्हणतात. पुन्हा विचारायचं. तीनदा विचारलं की खरं काय ते बाहेर येतं." डिंकाला असलं सांगतं का कुणी?

आता आमच्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, शू-आजोबा राहतात. जिन्यात पोरं हसली की "शू!", कुणी दार लावलं की "शू!", कुकरची शिट्टी झाली तरी वरून "शू!" म्हणून शू-आजोबा. त्यांच्या पत्नी शू-आजी. त्या बिचाऱ्या कधी कुणाला शू म्हणाल्या नाहीत, नवऱ्याकडून मिळालं ते आडनावासारखं लावतात. तर या शू-आजोबांनी एकदा गॅलरीत उभं राहून, खाली माझे विद्यार्थी असताना, मला विचारलं, "ही शिकवायची गाडी आहे की पिठाची गिरणी?" सगळे हसले! त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. जिन्यात समोर आले की मी भिंत बघायचो, ते कठडा बघायचे. छान चाललं होतं.

आणि एका रात्री जेवताना डिंकी म्हणते, "मी आज शू-आजोबांना विचारलं."

मी म्हटलं, "वा! काय म्हणाले? शू?"

"पहिल्यांदा म्हणाले, नको. दुसऱ्यांदा म्हणाले, नको म्हटलं ना. तिसऱ्यांदा..." आणि इथे तिनं आजोबांचाच आवाज काढला, "'गाडी शिकायचीय मला! देतेस शिकवून? देतेस?'"

"मग?"

"मी हो म्हटलं. म्हटलं, बाबा देतील. उद्या सकाळी सहाला."

घास घशात अडकणं मी ऐकून होतो, त्या दिवशी प्रत्यक्ष अनुभवलं. मी म्हटलं, "डिंके! मी त्या माणसाशी बोलत नाही!" ती म्हणाली, "बोलू नका. फक्त शिकवा." मी म्हटलं, "अगं, ते चिडून बोलले असतील! तुला कटवायला!" ती म्हणाली, "पण तिसऱ्यांदा बोलले ना?" मी हिच्याकडे बघतो, तर ही भात कालवतेय, अशी शांतपणे कालवतेय, की जणू जगात भातच आहे फक्त! तेव्हा माझा हळू आवाजाचा उपक्रम गेला उडत आणि मी जोरात म्हणालो, "अगं वेडे, काही हवंय का हे विचारायचं असतं! द्यायचं नसतं!"

डिंकीनं हातातला घास खाली ठेवला. "मग विचारायचं कशाला?"

...

तुम्ही सांगा. काय उत्तर आहे? मी तुम्हाला वेळ देतो. मला त्या रात्री सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. इतक्या जणांना मी घाट चढायला शिकवलं, पण त्या एका प्रश्नावर गाडी जी बंद पडली ती पडलीच. कारण मी नाही म्हटलं असतं ना, तर पोरगी काही रडली नसती हो. ती फक्त शिकली असती. पुढच्या वेळी तिनंही विचारलं असतं आणि एक पाय जिन्यात ठेवला असता. अगदी माझ्यासारखा. आणि ते मला... नको वाटलं. खरंच नको वाटलं.

तर गेलो सकाळी खाली. जाताना एकच आशा, म्हातारा येणार नाही. बघतो तर म्हातारा हजर! इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश, आणि शेजारी त्यांची ती जुनी गाडी, जिच्यावर कायम कव्हर असायचं. माझ्याकडे बघून म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही येणार नाही." मी म्हटलं, "मलाही तुमच्याबद्दल तेच वाटलं." आणि मधे डिंकी, शाळेच्या आधी आंघोळ करून, दोघांकडे असं बघतेय जणू आमचं लग्न तिनंच जुळवलंय!

मी म्हटलं, माझ्या गाडीत बसा, त्यात माझ्या बाजूला ब्रेक आहे. तर म्हणाले, "नाही. शिकेन तर हिच्याच गाडीवर." हिच्या म्हणजे? तर कळलं, की गाडी शू-आजींची! आयुष्यभर गाडी आजींनीच चालवली, आजोबा शेजारी बसून नुसते शू-शू करायचे. आजी रोज सकाळी गाडी काढून जलतरण तलावावर पोहायला जायच्या. मग डोळे अधू झाले, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, आणि दुसऱ्याच्या गाडीत त्यांना बसवत नाही, परका माणूस गिअर टाकायला लागला की त्यांचा जीव वर येतो. म्हणून पोहणंही बंद. "आता खिडकीत बसते," आजोबा म्हणाले, माझ्याकडे न बघता, कठड्याकडे बघावं तसं बोनेटकडे बघत. "मी विचारतो काही हवंय का. म्हणते, काही नको. काल तुमची पोरगी आली, तीनदा विचारत बसली, तेव्हा आठवलं, मी एकदाच विचारतो."

मी म्हटलं, "बसा. आधी क्लच."

आणि तुम्हाला सांगतो... असा विद्यार्थी वैऱ्यालाही मिळू नये! हे गृहस्थ गिअरला शू म्हणायचे! गिअर कर्रकन वाजला की "शू!", मागचा हॉर्न देतोय, "शू!", आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध, चालणारी माणसं आम्हाला मागे टाकून जातायत! मला ब्रेक नाही, मी आपला पायाखालची चटई दाबतोय, दाबून दाबून तिला भोक पडलं. ओरडावं म्हटलं तर मागच्या सीटवर डिंकी! "मी हो म्हटलंय, मी येणार." माझा आवाज जरा वर गेला की मागून, "बाबा, शूऽ!" ती कुणाकडून शिकली, सांगायला नको. आणि वर कौतुक काय करायची! "आजोबा, आज भिंत वाचली! मस्त!" आणि आजोबा, जन्मात कुणाला बरं न म्हटलेला माणूस, आरशात बघून चक्क लाजायचे! परत फाटकाशी आलो की वरून गॅलरीतून शू-आजी, ज्यांना धड समोरचं दिसत नाही, त्या ओरडायच्या, "अहो, क्लच जाळताय! वास येतोय मला इथवर!" म्हणजे एका विद्यार्थ्यामागे तीन मास्तर, आणि त्यातला सगळ्यात बिनकामाचा मी!

आणि म्हणे, साधे-सोपे घरगुती उपक्रम!

बरं, परीक्षा दिली, तर नापास! रिव्हर्सला नापास! मागे जाताना आजोबा मागे बघेनात. "मागे काय बघायचंय? तिथूनच तर आलो!" परीक्षकाला हे पटलं नाही. घरी आले, गाडीवर कव्हर घातलं, वर गेले, दार लावलं. मला म्हणाले, "पुरे झालं. या वयात शोभा नको." मी... खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो झोपेचा. सुटलो! मीही वर गेलो आणि पांघरूण घेतलं.

जरा वेळानं बघतो तर डिंकी घरात नाही. शोधत वर गेलो. ही तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराबाहेर पायरीवर बसलेली. उठली, दार वाजवलं. "आजोबा, काही हवंय का?" आतून, "काही नको." बसली. नखं बघितली. उठली. "आजोबा, काही हवंय का?" आतून, "नको गं बाळा. जा तू." परत बसली. मी जिन्यात उभा, मला वाटलं आता हाक मारावी, उचलून न्यावी, किती वेळ माणसानं दुसऱ्याच्या दाराशी बसावं? पण पोरगी हलेना. तिच्या चेहऱ्यावर राग नाही, हट्ट नाही, नुसती वाट बघणं. मग उठली, आणि तिसऱ्यांदा, अगदी तसंच, जसं पहिल्यांदा विचारलं होतं तसंच, "आजोबा, काही हवंय का?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग आतून, बारीक आवाजात, "...रिव्हर्स."

अहो, तिथे त्या जिन्यात माझे डोळे भरून आले! मी! जो रोज सकाळी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणत होतो! मी लोकांना गाडी शिकवतो, कितीतरी जणांना शिकवली, पास झाले, पेढे नाही तर नाही, पण आभार मानून गेले. कधी छाती फुगली नव्हती ती त्या दिवशी फुगली. कारण ही माझी पोरगी! दुसरीतली! पाढे येत नाहीत, चपला उलट्या घालते, पण माणसाचं नको कधी खरं आणि कधी खोटं हे तिला कळतं, आणि ते कळेपर्यंत थांबायचं हे पण कळतं! मला ओरडून सांगावंसं वाटलं सगळ्या इमारतीला, पण हळू आवाज! शू-आजोबांचा मजला! गिळलं सगळं, आणि म्हटलं, "आजोबा, उद्या सहाला. मान मागे वळवायची तयारी ठेवा."

वळवली त्यांनी. पास झाले. आणि रविवारी आजी खाली आल्या, एका हातानं कठडा आणि एका हातानं डिंकीला धरून, आपल्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसल्या. आजोबांनी गाडी सुरू केली, बंद पडली, सुरू केली, बंद पडली, आजी म्हणाल्या, "अहो, हळू सोडा पाय," आणि आजोबा... शू नाही म्हणाले! म्हणाले, "बरं." निघाली गाडी. फाटकातून बाहेर, वळण घेऊन, दिवा देऊन, अगदी मी शिकवलं तशी! मी, ही आणि डिंकी फाटकाशी उभं राहून हात हलवत होतो, वॉचमन सलाम ठोकत होता. मी हिच्याकडे वळून म्हटलं, "बघ! पोरीनं काय केलं बघ!" ही म्हणाली, "नुसती पोरीनं? तुम्ही नाही?" एवढंच म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यातलं सगळ्यात गोड वाक्य, आणि वर निघून गेली, गॅसवर दूध होतं.

त्या रात्री जेवायला बसलो. मी भलताच खुशीत. स्वतःहून विचारलं, "काय डिंकाबाई, आज कुणाला विचारलंत?"

"शू-आजींना."

"वा! मग? काय म्हणाल्या?"

"दोनदा नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, तलावापर्यंत गेलो, पण पाण्यात नाही उतरता आलं. तिथले दादा म्हणतात, डोळे असे आहेत, तर पाण्यात कुणीतरी बरोबर हवं. आजोबा पाण्याला घाबरतात. आजी म्हणाल्या, खरं तर पाण्यातच बरं, समोरून गाडी येत नाही." आणि भात खाता खाता, आवाज जराही न चढवता, "मी म्हटलं, बाबा येतील."

मी म्हटलं, "डिंके... अगं, मला पोहता येत नाही."

"हो, ते सांगितलं मी. आजी म्हणाल्या, काही हरकत नाही, त्या शिकवतील."

मी हिच्याकडे बघितलं. ही भात कालवत होती.

नाही, मी नको म्हणून बघितलं. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज इतका बारीक आला, की माझा मलाच खरा वाटेना. तेव्हा आता चलतो, चड्डी विकत घ्यायचीय. उद्या सकाळी सहाला. गाडी आजोबा चालवणार, शिकवणार आजी, टाळ्या वाजवणार पोरगी, आणि बुडणार मी.